मूळपुरुषाने पुसलेली कुजबुज

ऑफिसात सगळे त्याला मूळपुरुष म्हणत, अर्थात तो खोलीत नसताना. वंशावळीशी या नावाचा काही संबंध नव्हता. पंखा असो, प्रिंटर असो नाहीतर दाराचं कुलूप असो, वस्तू जरा कुरकुरली की "आधी हे मूळ सेटिंगवर आणा" हे वाक्य त्याच्या तोंडून निघालंच म्हणून समजा. हे नाव त्याच्या कानावर गेलंच असतं तर त्याला ते आवडलं असतं. लोकांना टोमणा आणि कौतुक यातला फरक कळतो. त्याला जगातलं प्रत्येक वाक्य कौतुकच वाटे.

तरुणपणी तो एका कंपनीच्या तक्रार विभागात फोनवर बसायचा. समोरचा माणूस रडकुंडीला येऊन इंटरनेट चालत नाही म्हणून सांगायचा, आणि हा थंडपणे म्हणायचा, "डब्याच्या मागे बारीक भोक आहे. त्यात टाचणी घाला आणि दाबून धरा." बहुतेक वेळा डबा चालू व्हायचा. लोक आभार मानायचे. वर्षानुवर्षं असे आभार ऐकून त्याने जगाचं निदान पक्कं करून टाकलं: वस्तू कारखान्यातून शहाणी निघते आणि माणसाचा हात लागला की बिघडते. त्यामुळे वस्तूंवर त्याचा जीव होता आणि माणसांचा त्याला मनापासून कंटाळा होता.

घरातही हेच. सासूबाईंचा मोबाईल एकदा अडकला. त्या बिचाऱ्यांनी नातवंडांकडून अक्षरं मोठी करून घेतली होती, नावांच्या जागी माणसांचे फोटो लावून घेतले होते. जावयाने मोबाईल हातात घेतला, नाक मुरडलं, आणि चहा संपायच्या आत तो कारखान्यातून आला तसा कोरा करून परत दिला.

"जावईबापू, यात माझी बहीण कुठे गेली?" सासूबाईंनी विचारलं.

"कचरा होता तो सगळा. आता बघा कसा पळतो."

"पळेल हो. पण पळून जायचं कुणाकडे?"

म्हाताऱ्या माणसांना तांत्रिक गोष्टी समजावत बसायला त्याला वेळ नव्हता. बायको स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. ती एका दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस होती आणि दिवसभर लोकांची तोंडं उघडून बघत असल्यामुळे घरी आल्यावर आपलं तोंड सहसा उघडत नसे. त्या दिवशी मात्र म्हणाली, "एक दिवस मलाही मूळ सेटिंगवर नेऊन सोडशील. माहेरी."

अशा या माणसाला बोलक्या पुस्तकांच्या ग्रंथालयात नोकरी लागली.

ग्रंथालय म्हणजे एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरच्या चार खोल्या. एका खोलीला स्टुडिओ म्हणायचे. तिच्या भिंतींना राखाडी फोम चिकटवलेला होता आणि दारावर लाल दिवा होता. दिवा लागला की बाहेर कोणी शिंकायचंसुद्धा नाही. आत बसून हौशी मंडळी पुस्तकं मोठ्याने वाचत आणि ती रेकॉर्ड केलेली पुस्तकं दृष्टिहीन लोकांना घरपोच मिळत. वाचून झालेला आवाज तसाच पाठवता येत नाही. त्यात पंख्याची घरघर असते, खोकला असतो, पान उलटल्याचा आवाज असतो. ते साफ करायला एक प्रोग्राम होता. त्याला ना बटणं, ना चित्रं. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचा, एंटर दाबायचं, की तो कामाला लागायचा. कितीपर्यंतचा हलका आवाज शांतता समजायचा, वाक्यांमधली किती शांतता कापायची, घरघर किती पुसायची, हे सगळं एका सेटिंगच्या फाईलमध्ये आकड्यांत लिहिलेलं असे. या आकड्यांना प्रोग्रामच्या भाषेत किमती म्हणत, आणि त्या वाचून तो मुकाट्याने तसं करी.

हे आकडे आधीच्या तंत्रज्ञ बाईंनी बसवले होते. त्या निवृत्त झाल्या आणि त्यांच्या खुर्चीत मूळपुरुष आला.

पहिल्याच आठवड्यात त्याने ती फाईल उघडली आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. एकही आकडा जागेवर नव्हता. एका वाचकासाठी एक किंमत, दुसऱ्यासाठी भलतीच. दमेकरी प्राध्यापकांसाठी निराळी, भरभर वाचणाऱ्या डॉक्टरीणबाईंसाठी निराळी. आणि नटवर्यांसाठी तर सगळेच आकडे तळाला नेऊन ठेवलेले, म्हणजे त्यांनी नुसता श्वास घेतला तरी प्रोग्रामने तो जपून ठेवायचा!

"हा काय प्रोग्राम आहे की पाळणाघर?" तो स्वतःशीच म्हणाला. "एकेकाचे लाड करून ठेवलेत."

नटवर्य म्हणजे एक म्हातारे नट. जन्मभर नाटकांत काम केलं, पण कायम नोकराचं, पहारेकऱ्याचं, फार तर हवालदाराचं. ट्रे घेऊन आत यायचं, "साहेब, गाडी आली" म्हणायचं आणि निघून जायचं. म्हातारपणी ग्रंथालयाने त्यांच्यापुढे आख्खं पुस्तक ठेवलं, त्यातली सगळी पात्रं त्यांचीच, आणि त्यांचं सोनं झालं. एकाच कादंबरीत ते राजाही व्हायचे आणि राजाची सासूही. मूळपुरुषाच्या लेखी हा सगळा पोरकटपणा होता. वाचायचं तर सरळ वाचावं. शाळा सुटल्यापासून त्याने स्वतः एकही कादंबरी वाचली नव्हती आणि त्यावाचून त्याचं काही अडलंही नव्हतं.

त्याने काळ्या पडद्यावर सगळ्या किमती मूळ स्थितीत आणायचा हुकूम टाइप केला. प्रोग्राम सावध होता. त्याने विचारलं, आधीच्या सर्व किमती पुसल्या जातील, नक्की? मूळपुरुषाने होय टाइप केलं. जुन्या फाईलची प्रत त्याने काढून ठेवली नाही. घाणीची कोणी प्रत ठेवतं का? पडद्यावर 'पूर्ण' असं उमटलं आणि खरकटी भांडी घासून ओटा पुसल्यावर वाटतं तसं समाधान त्याच्या चेहऱ्यावर पसरलं. मग तो जेवायला गेला.

आणि काम झपाट्याने होऊ लागलं! पुस्तकं आखूड झाली, लवकर तयार होऊ लागली. दरमहाच्या बैठकीत त्याने हे छाती फुगवून सांगितलं. ग्रंथालयाच्या संचालकबाई सज्जन आणि घाबरट होत्या, यंत्राशी बोलतानाही "प्लीज" म्हणणाऱ्यातल्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या. पुस्तक आखूड का झालं, हे विचारायचं कोणालाच सुचलं नाही.

मग एका सकाळी फोन वाजला.

"खून कोणी केला?" पलीकडून खणखणीत आवाज आला.

"कुठे?"

"बंगल्यात."

"पोलिसांना फोन करा," म्हणून मूळपुरुष फोन ठेवणार होता.

"अहो पुस्तकातला खून! तुमच्याच पुस्तकातला! मी जन्मभर टेलिफोन खात्यात ऑपरेटर होतो, मला रॉंग नंबर शिकवू नका. चारशे पानांची कादंबरी ऐकली. शेवटी तो म्हातारा मरायला टेकतो, पुतणीला म्हणतो, जवळ ये, कान इकडे कर. आणि पुढे? एकदम पुढचं प्रकरण! पुतणी पळत सुटलीये! का पळतेय ती?"

"तुमच्या मशीनमध्ये बिघाड असेल. बंद करून चालू करा."

"मी जन्मतः आंधळा आहे, जन्मतः मूर्ख नाही," ऑपरेटर म्हणाला. "म्हातारा काहीतरी कुजबुजलाय आणि ते तुम्ही खाल्लंय."

मूळपुरुषाने फोन ठेवला आणि शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल असं म्हणाला, "फुकट मिळतं ना, म्हणून माज."

पण फोन थांबेनात. एका प्रेमकथेत नायक विचारतो, येशील का माझ्याबरोबर, आणि नायिका उत्तरच देत नाही. पुढच्या पानावर दोघं जहाजात. एका बाईंनी कवितांचं पुस्तक परत पाठवलं. म्हणाल्या, औषधाच्या बाटलीवरचं लेबल वाचावं तशी कविता वाचलीये, श्वास घ्यायलासुद्धा जागा नाही. दमेकरी प्राध्यापकांचा तर अर्धा इतिहासच गायब होता. ऑपरेटर रोज न चुकता फोन करी आणि "खून कोणी केला?" एवढंच विचारून फोन आपटे.

शेवटी संचालकबाईंनी मूळपुरुषाला बोलावलं. दोघांनी मिळून ती कादंबरी ऐकली. कान इकडे कर. आणि लगेच, प्रकरण पस्तिसावं.

"इथे काहीतरी होतं हो," बाई म्हणाल्या.

"प्रोग्रामच्या मते इथे शांतता होती. विशिष्ट पातळीखालचा आवाज म्हणजे शांतता आणि शांतता म्हणजे कचरा. मूळ सेटिंग आहे ते. बनवणाऱ्यांनी विचार करूनच ठेवलेलं असतं."

"त्यांनी कशासाठी बनवलाय हा प्रोग्राम?"

"मीटिंगांच्या रेकॉर्डिंगसाठी," मूळपुरुष म्हणाला, आणि आपण काय बोललो हे लक्षात न येऊन पुढे म्हणाला, "म्हणून तर इतका कार्यक्षम आहे."

"मग मूळ रेकॉर्डिंग काढा आणि पुन्हा करा."

तो काढायला गेला. फोल्डर रिकामं होतं. काम संपलं की कच्चं रेकॉर्डिंग आपोआप पुसून टाकायचं, डिस्क भरू नये म्हणून, हीदेखील एक मूळ किंमतच होती. आधीच्या बाईंनी ती बंद करून ठेवली होती. तिने इमानेइतबारे पुन्हा चालू होऊन सगळं धुऊन काढलं होतं.

"पण ते तर मूळ सेटिंगच आहे," तो परत येऊन म्हणाला. आवाजात थोडा विजयसुद्धा होता. "म्हणजे त्यात चूक अशी काही नाही."

संचालकबाईंनी प्रथमच त्याच्याकडे डोळे वर करून पाहिलं. "चूक नाही. मान्य. पुस्तक कुठे आहे?"

त्याच संध्याकाळी तो आधीच्या तंत्रज्ञ बाईंच्या घरी गेला. त्या गॅलरीत कुंड्यांमधली माती बदलत होत्या. त्यांनी त्याला बसायला सांगितलं नाही, कारण एकुलत्या एक स्टुलावर रोपं होती.

"जुने आकडे हवेत," तो म्हणाला. "तुम्हाला तोंडपाठ असतीलच."

"मला? एकसुद्धा आठवत नाही."

"असं कसं? तुम्हीच तर बसवले होते."

"कानाला बरं वाटेपर्यंत फिरवत राहायचे. बरं वाटलं की थांबायचे. आकडा कोण बघतंय?" त्यांनी हात झटकले. "तुम्ही जुन्या फाईलची प्रत नाही ठेवलीत?"

"नाही."

"अरे देवा," बाई म्हणाल्या, आणि एवढंच म्हणून पुन्हा मातीत हात घातले. जिना उतरताना मूळपुरुष चडफडत होता. असं अंदाजपंचे काम करणाऱ्या बाईला इतकी वर्षं पगार दिला कोणी, हाच त्याला राहून राहून प्रश्न पडत होता.

आता एकच उपाय होता, पुस्तक पुन्हा वाचून घ्यायचं. नटवर्यांना बोलावलं. आपण वाचलेली चारशे पानं यंत्राने खाल्ली आणि पचवली, हे त्यांनी संचालकबाईंच्या खोलीत उभ्याउभ्याच ऐकलं. आदळआपट केली नाही. जन्मभर नोकराची कामं केल्यामुळे उभं राहून वाईट बातमी ऐकायची त्यांना सवय होती.

"पुन्हा वाचतो," ते म्हणाले. "पण हे गृहस्थ स्टुडिओत माझ्यासमोर बसतील. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. मोबाईल बाहेर."

"त्याची काय गरज?" मूळपुरुष म्हणाला. "माझं काम तुम्ही वाचल्यानंतर सुरू होतं."

"मी रिकाम्या खुर्च्यांसमोर पुष्कळ कामं केली आहेत, साहेब. पण त्या खुर्च्यांनी माझी वाक्यं कधी कापली नव्हती."

संचालकबाई म्हणाल्या, "बसतील ते." आणि त्यांच्या तोंडून प्लीज निघालं नाही.

बसला. काय करतो! पहिल्या दिवशी तो हाताची घडी घालून, पेशंट डॉक्टरकडे बसतो तसा बसला. बंगल्यात म्हातारा मालक होता, त्याला कोणीतरी हळूहळू विष घालत होतं. पुतणी होती, भाऊ होता, स्वयंपाकीण होती, माळी होता. नटवर्य माळी झाले की खांदे पाडत, स्वयंपाकीण झाले की मानेला झटका देत, आणि पुतणी झाले की चक्क सुंदर दिसत. मूळपुरुष छताकडे बघत होता. म्हाताऱ्या माणसाने एवढी तोंडं वेडीवाकडी करावीत, तीही ज्यांना दिसत नाही अशा लोकांसाठी, याची त्याला कीव आली.

दुसऱ्या दिवशी माळ्याने विषारी औषधाचा डबा लपवला. मूळपुरुषाने घडी सोडली.

त्या रात्री जेवताना तो अचानक म्हणाला, "माळ्यानेच केलंय."

"काय केलंय?" बायकोने विचारलं.

"विष घातलंय. बंगल्यातल्या म्हाताऱ्याला. मला पहिल्यापासून संशय होता. सरळ दिसतंय. पण त्या बावळट भावाला काही कळत नाही."

बायकोने घास खाली ठेवला. "हे पुस्तक मी वाचलंय. लग्नाआधी."

"सांगू नकोस."

ती बघतच राहिली. लग्न झाल्यापासून नवऱ्याने तिला 'मला माहीत आहे' याशिवाय दुसरं काही म्हटलं नव्हतं. "बरं," ती म्हणाली, आणि मग हसू आवरत पुन्हा म्हणाली, "माळी का? बरं बरं."

ते हसू त्याला लागलं. पण या बाईला कादंबरीतलं काय कळणार, असं म्हणून त्याने आमटी संपवली.

आठवडा सरता सरता शेवटचा भाग आला. लाल दिवा लागला. म्हातारा मरायला टेकला होता. नटवर्यांचा आवाज इतका खाली उतरला की भिंतीवरचा फोमही कान देऊन ऐकत असावा. जवळ ये. कान इकडे कर. मग नटवर्य थांबले. थांबलेच. प्रोग्रामने जी शांतता एका क्षणात कापून फेकली असती, ती खोलीभर पसरली. मूळपुरुषाला आपलाच श्वास ऐकू येऊ लागला. आणि मग, ओठांतल्या ओठांत, जेमतेम ऐकू येईल न येईल असं, मरणाऱ्या म्हाताऱ्याने पुतणीच्या कानात सांगितलं:

"मला ठाऊक होतं. तूच."

पुढचं प्रकरण सुरू झालं. पुतणी पळत सुटली. का पळते, ते आता कळलं.

दिवा मालवल्यावर नटवर्य पाणी प्यायले आणि त्यांनी समोर बघितलं. समोरचा माणूस लाल झाला होता.

"लेखकाचं चुकलंय," मूळपुरुष म्हणाला. "माळ्याच्या हाताला माती होती. दोनदा सांगितलंय तसं."

"माळ्याच्या हाताला माती नाही तर काय शाई असणार?"

"मग तो डबा का लपवला?"

"मुलं हात लावतील म्हणून. तिसऱ्या प्रकरणातच त्याला तसं बजावलंय. तुम्ही तेव्हा छताकडे बघत होतात."

मूळपुरुष तरातरा बाहेर आला. एका भिकार रहस्यकथेने आपल्याला फसवावं, हा अपमान त्याला कुठे ठेवावा कळेना. त्याच तिरीमिरीत तो काळ्या पडद्यापुढे बसला. कच्चं रेकॉर्डिंग पुसायची किंमत त्याने सगळ्यांत आधी बंद केली. मग शांततेचा आकडा थोडा खाली आणला, प्रोग्राम चालवला, हेडफोन लावले. 'मला ठाऊक होतं' आलं, 'तूच' गेलं. पुन्हा खाली. 'तूच'मधला 'च' आला. पुन्हा. आता 'तूच' आलं, पण पंखा रेल्वेच्या इंजिनासारखा घरघरू लागला. मग घरघरीचा आकडा. मग पुन्हा पहिला. एकच शब्द त्याने एवढ्या वेळा ऐकला की शेवटी तो आपल्यालाच उद्देशून म्हटल्यासारखा वाटू लागला. एकदा कानाला बरं वाटलं तेव्हा तो थांबला. कोणता आकडा होता, हे त्याने पाहिलं नाही. पाहिलं नाही हे लक्षात आल्यावर मात्र स्वतःवरच वैतागला, आकडा पाहिला, आणि फाईलची प्रत काढून ठेवली.

पुस्तक पुन्हा रवाना झालं. ऑपरेटरने आख्खी कादंबरी परत ऐकली आणि फोन केला. मूळपुरुष तयारीत होता. निदान आभार मानले जातील, अशी त्याची अपेक्षा होती.

"पुतणी," ऑपरेटर म्हणाला. "मला वाटलंच होतं."

"मग झालं तर."

"झालं कसं? 'कान इकडे कर' नंतर खुर्ची कुरकुरलीये. कोणीतरी पुढे झुकलंय."

"जुनी खुर्ची आहे. वाचणारे हलले असतील."

"हलले असतील? आवाज वाचणाऱ्याच्या समोरून आलाय. आणि खुर्ची हलल्यावर समोरच्याने श्वास धरलाय. सुटलाय तो थेट 'तूच' झाल्यावर. तुम्हीच ना ते?"

मूळपुरुष काहीच बोलला नाही. टेलिफोनवर जन्म गेलेल्या माणसाला समोरचा कधी गप्प बसलाय आणि कधी फोन कट झालाय, हे सांगावं लागत नाही.

"ठेवतो," शेवटी मूळपुरुष म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

मग हेडफोन लावून त्याने ती जागा काढली. जवळ ये. कान इकडे कर. शांतता, आणि त्या शांततेत लाकडाची एक बारीक, अधीर कुरकुर. लाज वाटावी इतकी स्पष्ट.

संचालकबाईंच्याही कानावर तक्रार गेली. त्या दारात येऊन म्हणाल्या, "तो खुर्चीचा आवाज तेवढा काढून टाकता येईल का?"

"नाही," मूळपुरुष पडद्यावरून नजर न हलवता म्हणाला. "तो काढायला गेलं तर कुजबुज जाईल. तुम्हा लोकांना यातलं काही कळत नाही."

बाईंनी मान डोलावली आणि त्या गेल्या. खरं म्हणजे कुरकुर आणि कुजबुज यांच्यात चांगली ऐसपैस शांतता होती आणि तेवढा तुकडा कापणं सहज शक्य होतं. त्याने करून पाहिलं नव्हतं, एवढंच.